वॉशमध्ये पट्टे, फुलकोबी आणि ठिपके : खानदेशी उन्हाळ्यात जलरंग पुन्हा पुन्हा का बिघडतो

तुमच्या कागदावर यातलं काय दिसतंय, ते आधी बघा.

- आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एकसारखा उतरला नाही. आडवे पट्टे पडले, आणि प्रत्येक पट्ट्याची कड गडद.
- वॉश अर्धवट वाळलेला असताना मध्येच फिकं, दातेरी कडेचं फूल उमटलं. सगळे याला फुलकोबीच म्हणतात.
- वॉशभर मोहरीएवढे फिके ठिपके, कुणीतरी पाणी शिंपडल्यासारखे.
- याच्या उलट : गडद चट्टे. ब्रश टेकताक्षणी कागदाने रंग आत ओढून घेतला, टिपकागदावर शाई पडावी तसा.
- दोन चांगले रंग मिसळले आणि नालीचं पाणी तयार झालं.
- ओला असताना रंग झकास, वाळल्यावर फिका.

शेवटचं लक्षण यादीतून काढून टाका. जलरंग वाळल्यावर फिका होतोच, तो बिघाड नाही. सुरुवातीलाच एक शेड गडद कालवायची, विषय संपला. बाकीच्या पाचांसाठी पुढचं वाचा.

माझं जळगावात फोटोफ्रेमचं दुकान आहे. फ्रेमसोबत कागद, रंग, ब्रशही ठेवते. मार्च उजाडला की लोक आपापली चित्रं घेऊन काउंटरवर येतात आणि म्हणतात, "ताई, रंग खराब निघाला." दहातल्या नऊ वेळा रंग बरा असतो. मी स्वतः दरवर्षी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शंभर दिवसांचं चॅलेंज सुरू करते : रोज एक कार्ड, आधी पेन्सिलचं स्केच, मग जलरंग, वेळ जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. फुल शीट ७६ बाय ५६ सेंटिमीटरचं असतं, त्यातून १५ बाय ११ ची बरोब्बर २५ कार्डं निघतात. चार शीट म्हणजे शंभर दिवस. अखजीपासून मोजलं तर श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आसपास चॅलेंज संपतं, म्हणजे पहिला निम्मा भाग ४५ अंशांच्या आसपासचा उन्हाळा आणि दुसरा दमट पावसाळा. जलरंगासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. पण त्यामुळेच दोन्ही टोकांचे बिघाड दरवर्षी माझ्याच हातून होतात आणि दुरुस्तही करावे लागतात.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकाकडे जातात. क्रम मोडू नका. लोक थेट शेवटच्या तपासणीवर उडी मारतात, महागडा कागद आणतात, आणि तोही पंख्याखाली धरतात.

सुरुवात कार्डाच्या मागून

बिघडलेलं कार्ड फेकू नका. उलटं करून पेन्सिलने लिहा : तारीख, वेळ, पंखा का कुलर, पाणी कुठलं, कागद कुठला. पाच शब्द पुरतात. "१७ मे, दु. ३, कुलर, बोअर, जुना गठ्ठा." बस.

का, तर एका कार्डावरून कारण कळत नाही. एक मुलगी पाचोऱ्याहून तेवीस कार्डांचा गठ्ठा घेऊन आली होती. चॅलेंज बाराव्या दिवशीच सोडणार होती, तरी हट्टाने पुढे रेटलेलं. "मला वॉश जमतच नाही," म्हणाली. आम्ही तेवीसच्या तेवीस काउंटरवर मांडली. तिने वेळ लिहिली होती, एवढंच नशीब. सकाळी आठच्या आतली सहा कार्डं स्वच्छ होती. दुपारची सगळी पट्ट्यापट्ट्यांची. हात तोच, रंग तेच. तिला वॉश जमत होता, दुपार जमत नव्हती. मागे वेळ लिहिली नसती तर ती आजही स्वतःलाच दोष देत बसली असती.

रोजच्या चॅलेंजचा मला दिसलेला खरा उपयोग हाच. एकच गोष्ट रोज केली की काय बदललं म्हणून निकाल बदलला, ते सापडतं. अधूनमधून रविवारी एखादं मोठं चित्र करणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

तपासणी १ : पंखा आणि कुलर (फुकट)

पंखा बंद करा आणि तोच वॉश पुन्हा द्या. पट्टे गेले, तर पुढचं वाचायची गरजही नाही.

वॉश एकसारखा उतरायचा तर ब्रशचा दुसरा फटकारा येईपर्यंत पहिल्याची खालची कड ओली राहायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारच्या हवेत ओलावा नावालाच असतो. त्यात पंख्याचा वारा कागदावरून गेला की कड काही सेकंदांत वाळते. मग दुसरा फटकारा वाळलेल्या कडेवर बसतो आणि तिथे दुहेरी रंग दिसतो. तोच तुमचा पट्टा. कडेची गडद रेघ का पडते, हे बघायचं तर ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब आठवा. तो वाळला की मध्ये फिका आणि कडेला काळी रेघ. थेंबाची कड आधी वाळते, ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना रंगाचे कण घेऊन येतं. कागदावर हेच होतं.

कुलरचं प्रकरण जरा वेगळं आहे, आणि इथे मी स्वतः महिनाभर फसले. माझ्या कार्डांवर फिके ठिपके यायचे. मी रंगाला दोष दिला, मग कागदाला, मग नव्या ब्रशला. शेवटी एक दिवस स्टीलचं ताट धुऊन पुसून टेबलावर उभं केलं आणि कुलर लावला. दोन मिनिटांत ताटावर घामोळं यावं तसे बारीक थेंब. कुलर थुंकत होता. वाळ्याच्या जाळ्यांवर पाणी जास्त सोडलं, किंवा वाळा विरळ झाला, की पंखा पाण्याचे तुषार ओढून खोलीत फेकतो. अंगाला ते कळत नाहीत, उलट बरं वाटतं. ओल्या वॉशला मात्र प्रत्येक तुषार एक छोटी फुलकोबी करून जातो.

ताटाची चाचणी तुम्हीही करा. थेंब दिसले तर पंपाचा कॉक थोडा आवळा, किंवा वॉश द्यायच्या दहा मिनिटांपुरता पंप बंद ठेवा.

पण कुलर पूर्ण बंद करू नका. कुलरने खोलीतली हवा दमट होते, आणि दमट हवेत वॉश जास्त वेळ ओला राहतो. कुलरची खोली ही उन्हाळ्यात जलरंगासाठी घरातली सगळ्यात चांगली जागा, फक्त झोत कागदावर नको. मी टेबल झोताच्या बाजूला ठेवते आणि मध्ये पुठ्ठा उभा करते. एसीचं उलटं आहे. तो हवा कोरडी करतो, त्यामुळे थंड वाटत असूनही पट्टे पडतातच.

एक गोष्ट इथेच सांगते. कुलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर रंगाची वाटी खाली ठेवा, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओले हात, पाण्याची टाकी आणि लोखंडी पत्रा ही तिन्ही एका जागी आहेत. यात "बघू नंतर" चालत नाही.

तपासणी २ : वेळ (फुकट)

सकाळी सहा ते आठ. पर्याय म्हणून रात्री नऊनंतर, पण दिव्याखाली रंग चुकतात.

बाहेर स्केचिंगला जाणाऱ्यांनी तर दुपारी वॉशचा नादच सोडावा. मेहरूण तलावावर साडेसहाला बसलं तर आकाशाचा वॉश निवांत उतरतो. साडेनऊला तोच ब्रशमागे वाळत येतो. दुपारी स्केच करा, पेनाने करा. केळीच्या बागेत बसून फाटक्या पानांच्या रेषा काढायला दुपारचं ऊन उत्तमच, वरून उजेड आला की पानाची शीर न् शीर दिसते. रंग घरी येऊन भरा. शेड लक्षात राहत नाही असं म्हणाल, तर स्केचवरच शब्द लिहून ठेवा : "पिवळट हिरवा, कडेला तांबूस." मी असंच करते.

(अजिंठा आपल्यापासून दोन तासांच्या आत. तिथली चित्रं उतरवायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये आला आणि याच हवेत वर्षानुवर्षं राबला. त्याची बहुतेक कॉपी-चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली, आणि तो स्वतः भुसावळच्या मातीत आहे. पण त्याला पट्ट्यांचा त्रास नव्हता. तो तैलरंगात काम करायचा, आणि तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतं. आपण पाणी निवडलंय, तर हवेशी जुळवून घेणं आलंच.)

तपासणी ३ : रंग पुरेसा कालवला होता का (फुकट)

वॉश देताना मध्येच रंग संपला आणि पुन्हा कालवायला थांबलात का? थांबला असाल तर पट्टा तिथेच आहे, मोजून बघा.

१५ बाय ११ च्या कार्डाला चहाचा एक चमचा भरून पातळ रंग लागतो. पाव शीटला सहा-सात चमचे. पॅलेटच्या उथळ खळग्यात एवढा मावत नाही, आणि पसरट असल्यामुळे तो तिथल्या तिथेही वाळतो. चटणीची छोटी वाटी घ्या. लागेल त्याच्या दीडपट कालवा. उरलेला फुकट जात नाही, वाळू द्या, उद्या पाणी टाकलं की उठतो.

आणि पाट तिरका ठेवा. वरच्या बाजूला एक जाड पुस्तक किंवा आडवी वीट पुरते. तिरक्या कागदावर प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचून राहतं. पुढचा फटकारा त्या साचलेल्या पाण्याला स्पर्श करत द्यायचा, म्हणजे तेच पाणी खाली सरकत येतं आणि जोड दिसत नाही. सपाट टेबलावर पाणी कुठेही जातं. शेवटी तळाला जे साचतं, ते पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचं. विसरलात तर तेच पाणी वर चढून फुलकोबी करतं.

उन्हाळ्यात अजून एक करा. वॉशच्या आधी पूर्ण कागदावर साधं पाणी फिरवा आणि वर साचलेलं पाणी मुरेपर्यंत थांबा. त्याने एक-दोन मिनिटं जास्त मिळतात. माझ्या सासूबाई हे बघून एकदा म्हणाल्या, "इतलं पानी कोठे जास व माय?" प्रश्न बरोबर होता. निम्मं हवेत जातं.

त्याने भागलं नाही तर मेडिकलमधून ग्लिसरीन आणा. अर्ध्या वाटी पाण्यात एक-दोन थेंब, जास्त नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, वॉश उशिरा वाळतो. जास्त पडलं तर चित्र दिवसभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. मृगाचा पाऊस पडला की बाटली कपाटात.

तपासणी ४ : तुम्ही थांबला होता का

हीही फुकटच, पण सगळ्यात अवघड. फुलकोबीचं मूळ जवळपास नेहमी इथेच सापडतं.

वॉश दिला. एका कोपऱ्यात जरा फिका वाटला. ब्रश बुडवला आणि नीट करायला गेलात. झालं. कागद अर्धवट वाळलेला, ब्रश पूर्ण ओला. पाणी जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण ढकलत नेतं. कण जिथे अडतात तिथे ती दातेरी कड. नियम एकच, ओल्या कागदावर नेताना ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. कागद किती ओला आहे हे ओळखायला चार अवस्था पाठ करा. उजेडाकडे तिरपं बघायचं, वरून बघून कळत नाही.

*आरसा* : कागदावर पाणी चमकतंय, खिडकी दिसते. इथे काहीही करा, रंग एकमेकांत पसरतील.

*साटीन* : चमक मंद झाली, पाणी दिसत नाही पण झिलई आहे. इथे फक्त घट्ट रंग आणि जवळपास कोरडा ब्रश. मऊ कडेची झाडं, लांबचा सातपुडा, सगळं याच अवस्थेत होतं. आपल्याकडे मेमध्ये ही अवस्था अर्धा मिनिटही टिकत नाही. पावसाळ्यात पाच मिनिटंही टिकते.

*मुकी* : झिलई गेली, रंग कोरडा दिसतो, पण कागद आत ओला आहे. हीच फसवी. हात लावू नका. सगळ्या फुलकोब्या इथेच लागतात.

*कोरडी* : आता पुढचा थर द्या.

मुकी आणि कोरडी यातला फरक डोळ्यांना कळत नाही. हाताचा पालथा भाग कागदाला टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे, माठ गार असतो त्याच कारणाने. खोलीइतकाच लागला तर कोरडा. पालथाच हात का, तर तळव्याला घाम आणि तेल असतं.

मला स्वतःला थांबता येत नव्हतं. म्हणून चॅलेंजमध्ये नियम घातला : वॉश दिला की उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, परत यायचं. पाण्याच्या भांड्याशेजारी बसून राहिलं की ब्रश आपोआप हातात येतो. फुलकोबी आली तरी त्याच दिवशी तेच चित्र दुसऱ्या कार्डावर करायचं नाही, हा दुसरा नियम. पुन्हा केलं की रागाने केलं जातं, आणि ते पहिल्याहून वाईट होतं. मागे लिहा, उद्या करा.

आलेली फुलकोबी काढता येते का? कागद पूर्ण कोरडा झाल्यावर, स्वच्छ ओल्या ब्रशने फक्त गडद कड हळूच घासून टिपकागदाने उचला. कापसाच्या लगद्याच्या चांगल्या कागदावर थोडी उतरते. साध्या कार्ट्रिज कागदावर साल निघते. माझं मत विचाराल तर तिथे एक झाड काढा.

तपासणी ५ : ब्रश (थोडा खर्च)

६ नंबरच्या ब्रशने आकाश देत असाल, तर दोष ब्रशचा. त्यात पाणी कमी मावतं, फटकारे जास्त लागतात, प्रत्येक फटकाऱ्याला एक जोड. कार्डालासुद्धा १२ नंबर राऊंड किंवा एक इंची फ्लॅट घ्या. फार महाग घेऊ नका. ओला ब्रश झटकल्यावर टोक एकत्र येतं का, एवढं दुकानात बघा. दुकानदाराने पाणी द्यायला नकार दिला तर दुकान बदला.

तपासणी ६ : पाणी

बोअरचं पाणी वापरता का? स्टीलच्या ग्लासात वाळू द्या. तळाला पांढरा थर राहिला तर पाणी जड आहे.

जड पाण्यातला चुना काही रंगांचे कण एकत्र आणून त्यांच्या गाठी करतो, आणि वाळल्यावर वॉश पिठूळ दिसतो. पण अल्ट्रामरीन ब्लू मुळातच दाणेदार वाळतो, कुठल्याही पाण्यात. म्हणून अंदाजाने ठरवू नका. दोन वाट्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं. दोन्हींत सारखाच अल्ट्रामरीन कालवा, एकाच कागदावर शेजारी-शेजारी दोन पट्टे ओढा आणि वाळू द्या. फरक दिसला तर रोज तांब्याभर जारचं पाणी बाजूला काढा, तेवढं पुरतं. फरक दिसला नाही तर पाण्याचा नाद सोडा. माझ्याकडे आलेल्यांपैकी थोड्याच जणांचा दोष पाण्यात निघाला, पण ज्यांचा निघाला त्यांनी तोवर रंगांचे दोन संच बदललेले.

कुलरच्या टाकीतलं पाणी मात्र कधीच नको. ते उडून उडून आटतं आणि चुना मागे राहतो.

भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला. गढूळ रंगाचं निम्मं कारण एकाच भांड्यात सापडतं.

तपासणी ७ : कागद (इथून खर्च सुरू)

गडद चट्ट्यांची तक्रार आहे? कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि साठपर्यंत मोजा. थेंब फुगीर, चमकत उभा राहिला तर कागद ठीक. काही सेकंदांतच आत मुरून राखाडी डाग पडला, तर कागदाचं सायझिंग गेलंय.

सायझिंग म्हणजे कागदाला दिलेलं जिलेटिनसारखं अस्तर. त्यामुळे रंग वर थांबतो आणि वाळेपर्यंत हलवता येतो. ते गेलं की कागद टिपकागद होतो. आणि ते जातं पावसाळ्यात. माझ्याच दुकानात एक आख्खा गठ्ठा असा गेला. ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, म्हणून मी निर्धास्त. ओल प्लास्टिकच्या आत कोंडली आणि दिवाळीनंतर पहिला वॉश दिला तेव्हा कागदावर खरूज उठल्यासारखं दिसलं. वरून कागद पांढराशुभ्र होता, डोळ्यांना काही कळलं नसतं. जिलेटिनचं पातळ पाणी फिरवून पाहिलं, ते एकसारखं बसत नाही. आता त्यावर पेन्सिल आणि पेनाची स्केचेस करते. आपला कागद भिंतीपासून हातभर लांब, आडवा, वरच्या फळीवर ठेवा. पावसाळ्यानंतर वॉशमध्ये चट्टा दिसला तर शंका आलेल्या प्रत्येक कागदाची थेंब-चाचणी करा, गठ्ठ्यातला एक चांगला निघाला म्हणून सगळे चांगले नसतात.

मग जाडी. २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) कागद पूर्ण ओला केला की फुगून त्याचे डोंगर-दऱ्या होतात. रंग दऱ्यांत साचतो आणि पट्टे पडतात. ३०० जीएसएम घ्या. पातळच वापरायचा तर आधी भिजवून चारी बाजूंनी गमटेपने (ओली केल्यावर चिकटणाऱ्या कागदी पट्टीने) पाटावर ताणून वाळवा. मास्किंग टेप उन्हाळ्यात कागदावर दिवसभर ठेवू नका. उकाड्याने गोंद मऊ होऊन आत बसतो आणि काढताना कड सोलून येते.

तेलकट हात हेही तपासा. बोटाच्या आकाराचा ठिपका पांढरा राहत असेल तर ते शेवेचं काम. खरंच सांगते, एकदा पूर्ण कुटुंबाची चौकशी करून तो आरोपी सापडला होता.

तपासणी ८ : रंग

सगळ्यात शेवटी. वरचं सगळं करूनही फक्त मातकटपणा उरला असेल, तरच.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन. पीबीआर ७ म्हणजे बर्न्ट सिएनासारखे मातीचे रंग. एका ट्यूबवर एकच कोड असेल तर तो रंग मिसळायला सोपा. कित्येक हिरव्या आणि जांभळ्या ट्यूबांत दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात. अशा तीन ट्यूब मिसळल्या की वाटीत सात-आठ जणांची सभा भरते, आणि सगळे मिळून ठराव एकच करतात : चिखल. दोन एककोडी रंग घ्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या जोडीतून सुंदर राखाडी निघतो, पावसाआधीच्या आभाळाचा. केळीच्या पानासाठी हिरव्या ट्यूबऐवजी पिवळ्यात थॅलो ब्लूचं टोक बुडवा, टोकच. थॅलो वाटीभर रंग खाऊन टाकतो.

भरिताच्या वांग्याचा तो हिरवट पांढरा रंग पांढरा टाकून करायला जाऊ नका. पांढऱ्याने रंग दुधाळ होतो. पाणी वाढवा, कागद दिसू द्या.

मध घालून केलेले रंग घेतले असतील तर पॅलेट झाकून ठेवा. मुंग्या येतात. एकदा माझ्या येलो ओकरमध्ये रांगच लागली होती.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

चालू चित्रात : एकाच जागी तीन वेळा ब्रश गेला आणि कागदाचं तूस उठलं, की ते चित्र संपलं. त्यानंतर काही दुरुस्त होत नाही, भोक पडतं.

तपासण्यांत : आठही झाल्या, कार्डं मागे लिहिलेली आहेत, आणि तरी रोज तेच होतंय? मग हाताच्या सवयीचा प्रश्न आहे आणि तो स्वतःला दिसत नाही. गावातल्या चित्रकला शिक्षकांकडे एक सकाळ बसा. इंटरमिजिएटची मुलं शिकवलेल्या कुठल्याही सरांनी किंवा बाईंनी तुमच्यासारखे वॉश शेकड्याने पाहिलेत. चित्र दाखवू नका, त्यांच्यासमोर वॉश द्या. ते दहा सेकंदांत सांगतील की तुम्ही ब्रश उभा धरताय किंवा आडवा दाबताय. लेख वाचून हे कळत नाही, माझाही नाही.

शरीरात : बोटांना मुंग्या, मनगटात रात्री दुखणं, अंगठ्याची पकड सुटणं. चॅलेंज थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दिवस चुकला म्हणून काही होत नाही. त्या दिवसाच्या कार्डावर मागे "हात दुखला" लिहा.

जुन्या चित्रांत : आजोबांनी काढलेलं जलरंगाचं चित्र, त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके किंवा पाण्याचा ओघळ. हे माझ्याकडे फ्रेमला येतं तेव्हा लोक हमखास म्हणतात, "ताई, जरा ओल्या कापडाने पुसून घ्या." मी हात लावत नाही. जलरंग शंभर वर्षांनीही पाण्याने उठतो. उन्हातही ठेवू नका, रंग उडतो. ब्रेड फिरवू नका, खोडरबर फिरवू नका, पारदर्शक टेप तर अजिबात नाही. हे काम कागदाच्या संवर्धनतज्ज्ञाचं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. तोपर्यंत चित्र फ्रेममधून काढण्याआधी काचेला चिकटलंय का ते बाजूने बॅटरी मारून बघा. चिकटलं असेल तर काचेसकट तसंच राहू द्या. सुटं असेल तर दोन कोऱ्या, कोरड्या कागदांमध्ये सपाट ठेवा, भिंतीपासून लांब, आणि नेताना गुंडाळी करू नका.